परांड्याची तोफ आणि दारूचं माप

[दृश्य: सकाळचा परांडा किल्ला. बुरुजावरची तोफ.]

धाराशिव जिल्ह्यातला हा परांड्याचा भुईकोट. भोवती खंदक, बुरुजांवर तोफा. लोक विजापूरला जाऊन जी मुलूखमैदान तोफ बघून येतात, ती आधी इथं होती. १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरला ओतलेली. १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती जुंपले होते, असं सांगतात.

आपण तोफेचं वजन विचारतो. तोफ डागणाऱ्या गोलंदाजाचा प्रश्न वेगळा असे: दारू कुठली, आणि किती?

[दृश्य: लहानमोठे तोफगोळे.]

सोरा, गंधक, कोळसा. जिन्नस हेच तीन, पण पिठासारखी दारू आणि दाणेदार दारू यांचा स्वभाव एक नव्हे. बारीक दारू भसकन पेटते, म्हणून ती तोफेच्या कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, रंजक म्हणून. पोटात जाड दाणा. तो बाहेरून आत जळत जातो, दाब बेताबेतानं चढतो आणि गोळ्याला हलायला सवड मिळते. पोटातही बारीकच ठासली, तर गोळा जागचा हलायच्या आत तोफ फुटायची. आणि तोफेच्या सगळ्यांत जवळ कोण उभा? गोलंदाजच.

[दृश्य: ठासणीची बंदूक, जवळून.]

ही काही फक्त किल्ल्यावरची गोष्ट नाही. रानडुकरं पिकात शिरतात, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. तिची नळी काळ्या दारूसाठी, म्हणजे त्याच सोरा-गंधक-कोळशाच्या दारूसाठी घडवलेली. काडतुसातली बिनधुराची दारू निराळी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती तयार केली. वजनाला वजन धरलं तर काळ्या दारूच्या जवळपास तिप्पट ताकद. काडतूस फोडून ती ठासणीच्या नळीत ओतली, की नळी चिरलीच म्हणून समजा. चिमूटभरसुद्धा नको.

[दृश्य: तराजू, रिकामी पितळी काडतुसं.]

परदेशात बरेच नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरतात. त्यांचा सगळा भरवसा दारू बनवणाऱ्यानं छापलेल्या तक्त्यावर. अमुक दारू, अमुक वजनाची गोळी, इतके ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मं! सुरुवात तक्त्यातल्या कमीत कमी आकड्यापासून. मेजावर एका वेळी एकच डबा, कारण दोन दारवा दिसायला सारख्या असल्या तरी जळायला सारख्या नसतात. पिस्तुलाच्या काही दारवा इतकी कमी जागा घेतात, की चुकून दुप्पट भरली तरी काडतुसात मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात उजेड पाडून बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते कंटाळवाणंच असलेलं बरं.

आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानं मनाई आहे. घरात तराजू मांडून बसायचा विषयच नाही.

[दृश्य: पुन्हा बुरूज. तोफेच्या कानावर कॅमेरा स्थिर.]

मुलूखमैदानला बत्ती दिली की गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, अशी गोष्ट विजापुरात सांगतात. कानठळ्या बसू नयेत म्हणून, म्हणे. ठासताना माप चुकलं असतं, तर हौदापर्यंत पोचायला तो उरला नसता.