दाब आधी पोचतो, मीठ नंतर

पाऊस पडला आणि दोन तासांत ओढा फुगला. वाहून जाणारं ते पाणी आजच्याच पावसाचं असतं का? दाट झाडी आणि खोल माती असलेल्या पाणलोटात बहुतेकदा नसतं. पाण्याने भरलेल्या लांब नळीचं एक टोक नळाला लावा. दुसऱ्या टोकाने लगेच पाणी येतं, पण ते नळीत आधीपासून असलेलं. दाब झटकन पोचतो, थेंब रेंगाळत येतो. आणि क्लोराइड, नायट्रेट, जे काही विरघळलेलं आहे ते थेंबाबरोबर येतं.

त्यामुळे पाणलोटातून पाणी आणि त्यात विरघळलेलं कसं वाहतं हे संगणकावर मांडणाऱ्या मॉडेलमध्ये प्रवाहाचा आलेख जुळला की ते जमलं, हा समज सोडून द्या. हिशोब करून बघू. समजा ओढ्यातून वर्षाला १००० मिलिमीटर पाणी जातं (सगळ्या पाणलोटावर पसरलं तर एवढा थर), आणि प्रवाह जुळवायला मॉडेलला १०० मिलिमीटरचा साठा पुरला. पूर्ण मिसळलेल्या अशा साठ्यात पाणी सरासरी ३६ दिवस राहील, म्हणजे पावसातल्या क्लोराइडचा वार्षिक चढउतार ओढ्यात ८५ टक्के उतरायला हवा. साठा १००० मिलिमीटर धरला तर १६ टक्केच उरतो. आता वेल्समधल्या प्लिनलिमनच्या नोंदी पाहा. समुद्राजवळच्या त्या पावसात क्लोराइड प्रचंड वरखाली होतं, ओढ्यात मात्र ते चढउतार फारच बोथट होतात. म्हणून मॉडेलमध्ये एक निष्क्रिय साठा जोडतात. तो प्रवाहाला हात लावत नाही, फक्त मिश्रण करतो, आणि त्याचा आकार क्लोराइडवरूनच ठरवावा लागतो. एवढ्यानेही भागत नाही. जेम्स किर्चनर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्लिनलिमनच्याच नोंदींवरून दाखवलं की एक मिसळलेली टाकी अपुरी पडते: काही पाणी चटकन निघून जातं, काही फार उशिरापर्यंत झिरपत राहतं.

आता पात्रात उतरू. विरघळलेलं ओढ्यातून कसं वाहतं आणि कुठे अडकतं हे मीठ सोडून मोजता येतं. प्रवाह सेकंदाला ५० लिटर असेल तर १ किलो मीठ पुरतं. ते ५ लिटर पाण्यात आधी पूर्ण विरघळवा. खडे राहिले तर ते तळाशी बसून सावकाश विरघळतात, आणि मॉडेल तो ओढ्याचाच गुण समजतं. २०० मीटर खाली, पाणी काठापासून काठापर्यंत मिसळलेलं असेल अशा जागी, विद्युत वाहकतेचा सेन्सर ठेवा आणि दर ५ सेकंदांनी नोंद घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅम मिठाने वाहकता साधारण २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाढते, पण हा गुणक त्याच ओढ्याच्या पाण्यात काढलेला बरा. मूळ पातळी वजा करून, वाहकतेचं गुणकाने मिठाच्या प्रमाणात रूपांतर करून आलेखाखालचं क्षेत्रफळ गुणिले प्रवाह केलं की परत मिळालेलं मीठ कळतं.

हा आलेख सममित नसतो. चढ उभा आणि उतार लांबलचक, कारण डोहांतलं आणि गोट्यांच्या फटींतलं पाणी मीठ धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. वाहकता मूळ पातळीजवळ आली की लोक कंटाळून सेन्सर उचलतात. साठ्याची जवळजवळ सगळी माहिती मात्र त्या शेपटीतच असते.

तरीही साठ्याचे आकडे भरवशाचे निघतील असं नाही. ते तपासायला डामकोलर संख्या काढा: मीठ त्या पट्ट्यातून वाहून जाईपर्यंत मुख्य प्रवाह आणि साठा यांच्यात किती अदलाबदल होते, हे ती सांगते. अदलाबदलीचा दर सेकंदाला ०.०००१, मुख्य प्रवाहाचा छेद साठ्याच्या ५ पट आणि वेग सेकंदाला ०.२ मीटर असेल तर २०० मीटरसाठी ती ०.६ येते. १ च्या आसपास म्हणजे ठीक. ०.१ च्या खाली गेली तर अदलाबदल व्हायच्या आतच मीठ निघून जातं. १० च्या वर गेली तर साठ्याचा परिणाम डिस्पर्शनमध्येच, म्हणजे वाहता वाहता मिठाचा लोट लांबत जाण्यात, मिसळून जातो आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा सापळा संगणकातला. मॉडेल ओढ्याचे तुकडे पाडून (जाळी) आणि वेळेच्या पायऱ्या घेत गणित करतं. प्रत्येक तुकड्यासाठी वरच्या बाजूच्या तुकड्याचा आकडा वापरणाऱ्या साध्या अपविंड पद्धतीत ५ मीटरची जाळी आणि ५ सेकंदांची पायरी घेतली तर त्याच वेगाला गणित स्वतःच सेकंदाला ०.४ चौरस मीटर डिस्पर्शन घालतं. छोट्या ओढ्याचं खरं डिस्पर्शनही अनेकदा याच पट्ट्यात असतं! जाळी २.५ मीटर करा, पायरी तीच ठेवा: भर ०.१५ वर येते. उत्तर तेवढ्याने हललं तर जाळी आणखी बारीक करा, मगच आकडे जुळवायला बसा.

आणि नायट्रेट वाटेत किती खर्ची पडतं हे हवं असेल तर ते मिठाच्या त्याच द्रावणात घालून सोडा आणि खाली दोघांचं गुणोत्तर पाहा. नुसत्या नायट्रेटच्या घटीत बाजूने आत झिरपलेल्या पाण्याने पातळ होण्याचा वाटाही असतो.