किल्ल्या कोणाकडे?

खुर्च्या गोल मांडल्या की ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, समता आली, असं पाहुण्याला वाटतं. जाणकार आधी विचारतो : चर्चच्या किल्ल्या कोणाकडे असतात, चेकवर सही कोणाची, सभेची विषयपत्रिका कोण लिहितं? तिन्हींचं उत्तर ‘पाळकसाहेब’ (मंडळीचे धर्मगुरू) असेल, तर सामूहिक नेतृत्व अजून फलकावरच आहे.

अधिकार कोणाच्या हाती, हा वाद जुना. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ६. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर झाली, आणि सात जण निवडले गेले : स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. सातही नावं ग्रीक! ज्यांच्या ताटात कमी पडत होतं, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती पळी दिली गेली. प्रागतिक मंडळ्या ‘मुळापासून समता’ म्हणतात, ती हीच.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कामकाजाच्या सभेत मतदान होत नाही. सभेचा लेखनिक सगळ्यांचं ऐकतो, सभेचा कल शब्दांत मांडतो आणि तिथल्या तिथे वाचून दाखवतो. एकमत नसेल तर मसुदा बदलतो, नाहीतर विषय पुढच्या सभेला. इतिवृत्त घरी जाऊन लिहिलं की त्यात काय काय उगवतं, हे सभा भरवणाऱ्यांना सांगायला नको.

इतर मंडळ्यांत चालणारी एक घडी अशी : सात जणांचं मंडळ, तीन वर्षांची मुदत, दरवर्षी दोघं-तिघंच बदलायची. सगळे एकदम गेले तर विमा, पगार, दुरुस्त्यांची माहितीही त्यांच्याबरोबर जाते. चेकवर दोन सह्या. पाळक सभासद, पण अध्यक्ष नाही. त्याच्या पगाराचा विषय निघाला की तो बाहेर. सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलत नाही, आणि सुरुवात सर्वांत नव्या सभासदापासून.

तरीही फसतं. बहुतेकदा वेळेपायी. पाळ्यांत राबणारे, लहान मुलं सांभाळणारे गळतात आणि मंडळात उरतात सवडीचे, सुस्थितीतले लोक. म्हणून मुलं सांभाळण्याचा खर्च, प्रवासखर्च आणि मानधन अंदाजपत्रकात इमारतीच्या रंगाआधी धरावं लागतं.

दुसरी गाठ फोनची. आजारपण, मयत, घरातलं भांडण : आठवड्याला दोघांची नावं फलकावर लावली तरी लोक पाळकालाच फोन करतात. पाळकानं तो उचलायचा, विचारपूस करायची, आणि त्या आठवड्याच्या माणसाचा नंबर द्यायचा.