कुंपणाला फीजोआ लावताय? मग कात्री जरा आवरा

नमस्कार मंडळी, आज ऑकलंडला ऊन छान पडलंय पण वारा काही थांबत नाहीये, त्यामुळे मधेच माईकमध्ये घूं घूं आलं तर सांभाळून घ्या.

तर माझ्यामागे हे जे लाल तुऱ्यांनी भरलेलं कुंपण दिसतंय ना, ते फीजोआ. पाइनॅपल ग्वावा म्हणतात ते हेच. पेरू, जांभूळ, लवंग सगळी एकाच कुळातली मंडळी, त्यातलंच हेही एक. न्यूझीलंडमध्ये नवीन घर घेतलं की आपली माणसं पहिली काय विचारतात, शेजाऱ्याची नजर अडवायला काय लावू? आणि नर्सरीवाला दाखवतो ग्रिसेलिनिया, नाहीतर पिटोस्पोरम. दिसायला छान आहेत, वादच नाही, पण आयुष्यभर कापत बसा आणि हातात काय, तर पानं. माझं म्हणणं एवढंच की जागा तीच, पाणी तेच, मेहनतही तेवढीच, मग खाता येईल असं झाड का लावू नये?

आणि दिसायला फीजोआ कुठेही कमी नाही हं. बारा महिने हिरवं राहतं. पान वरून करडं-हिरवं आणि खालून रुपेरी, वारा आला की अख्खं झाड रंग बदलल्यासारखं दिसतं. समुद्राचा खारा वारा सोसतं, थंडीत शून्याच्या खाली पाच-सहा अंश गेलं तरी मोठ्या झाडाला काही होत नाही. मूळचं हे दक्षिण ब्राझील, उरुग्वे त्या बाजूचं. १८९० मध्ये ते युरोपात नेलं एदुआर आंद्रे नावाच्या फ्रेंच माणसाने, आणि हा माणूस काही फळबागवाला नव्हता, बागा आखून द्यायचा त्याचा व्यवसाय! म्हणजे शोभेचं झाड म्हणून हे लावणं ही काही माझ्या डोक्यातली आयडिया नाही.

आता फुलाकडे या, कॅमेरा जवळ आणते, थांबा... हां. दिवाळी झाली की इथे वसंत संपत येतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ही फुलं येतात. मधे हा लाल पुंकेसरांचा झुबका, टोकाला पिवळे ठिपके, ते परागकण. त्या झुबक्यातून एकच दांडी जरा वर आलीये बघा, ती स्त्रीकेसराची, फळ तिच्या जिवावर धरतं, तिला हात लावायचा नाही. आणि बाजूला या चार जाड पाकळ्या, बाहेरून पांढऱ्या, आतून गुलाबी-जांभळट, अशा आत वळलेल्या. ही अशी दोन बोटांत धरायची आणि हलकेच ओढायची, टचकन निघते. बघा, मधलं सगळं जागच्या जागी आहे, म्हणजे पाकळी आपण खाल्ली तरी फळ धरायचं ते धरणारच. खाऊन दाखवते. (खाते) गोड! अगदी गोड, आणि मऊ. फूल उमलल्या उमलल्या खाऊ नका, एक-दोन दिवस जाऊ द्या, पाकळी सैल पडली की गोडी वाढते. फ्रूट सॅलडवर टाका, श्रीखंडावर टाका, फक्त शिजवायच्या भानगडीत पडू नका.

ही गोडी काय आपल्यासाठी नाहीये अर्थात. या फुलात मध नावालाच असतो, पाहुण्यांना बोलवायला झाडाने पाकळीच गोड केलीये. मधमाश्या येतात, पराग नेतात, पण त्यांचा जीव छोटा, त्या वरच्या दांडीला त्यांचा धक्का लागेलच असं नाही. खरं काम करतात पक्षी. इथे ब्लॅकबर्ड, आणि दुसरी कोण तर आपली साळुंकी! १८७० च्या दशकात किडे खाईल म्हणून तिला या देशात आणून सोडली, आता इथले लोक तिच्या नावाने बोटं मोडतात, पण फीजोआच्या झाडात मात्र ती डोकं खुपसून पाकळ्या ओरबाडते आणि डोक्याला लागलेले पराग पुढच्या झाडाला पोचवते. म्हणून सांगते, फुलांच्या दिवसांत झाडावर जाळी टाकू नका, पक्षी हाकलू नका, आणि आपणही सगळ्या पाकळ्या फस्त करायच्या नाहीत, त्यांच्यासाठी बऱ्याच ठेवायच्या.

आता लावायचं कसं. हे एक नीट ऐका, कारण "झाड एवढं मोठं झालं, फुलतंय, पण फळ नाही" ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच सुरू होते. एकच झाड लावू नका. बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. जागा खरोखरच एका झाडाची असेल तर युनिक नावाची जात घ्या, ती एकटीही फळते. कुंपण करणार असाल तर मिसळून लावा, युनिक लवकर येते, अपोलो मधे, ओपल स्टार किंवा ट्रायम्फ उशिरा, म्हणजे फळंही एकदम अंगावर येत नाहीत. बियांपासून वाढवलेलं रोप स्वस्त मिळतं पण फळाचा काही भरवसा नाही, कुंपणाला मधेमधे भर म्हणून ठीक आहे. दोन रोपांत मीटर-दीड मीटर अंतर, ऊन भरपूर, आणि पाणी साठणारी जागा नको. मुळं वरवर असतात, म्हणून बुंध्याभोवती कुदळ-खुरपं चालवायचं नाही, त्यापेक्षा पालापाचोळ्याचा जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. आणि जानेवारी ते मार्च पाणी तोडू नका, फळ शेवटच्या काही आठवड्यांतच फुगतं, तेव्हा तहान लागली तर सुपारीएवढी फळं मिळतील.

कापणी, म्हणजे छाटणी. शेजारच्या कुंपणासारखं चौकोनी, गुळगुळीत, न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखं हवं असेल तर फळ विसरा. फुलं येतात नवीन फुटव्यावर, ऐन वसंतात तुम्ही सगळीकडून शेंडे उडवलेत तर फुलंच उडाली की. फळं संपली की लगेच काय ते कापायचं, तेही हलक्या हाताने. बाहेरून तासायचं नाही, आत गर्दी केलेल्या चार-दोन फांद्या मुळातून काढायच्या, पक्षी आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकेल इतपत मोकळं झालं की बास.

फळ गुढीपाडव्याच्या आसपास सुरू होतं, मे-जूनपर्यंत चालतं. पिकलं तरी हिरवंच! रंगावर जाल तर फसाल. हातात धरून हलकेच बाजूला ढकलायचं, सुटलं तर पिकलं, नाही सुटलं तर ओढाओढी नको, ते स्वतःच पडतं. खाली जुनी चादर टाका आणि रोज वेचा. कापलं की मधला गर काचेसारखा पारदर्शक दिसला पाहिजे, पांढरा असेल तर कच्चं आहे, तपकिरी झाला तर उशीर झाला. सालीसकट कोणी फारसं खात नाही, अर्धं करून चमच्याने गर काढायचा, थोडा रवाळ लागतो आणि वास असा की खोलीभर पसरतो.

रोज वेचा म्हणाले त्याला अजून एक कारण आहे, ग्वावा मॉथ. हा ऑस्ट्रेलियातून आलेला पतंग, उत्तरेकडे नॉर्थलँडपासून आमच्या ऑकलंडपर्यंत त्याचा त्रास आहे. वरून फळ ठणठणीत, बारीकसं काळं छिद्र, आणि आत अळी. तशी फळं झाडाखाली ठेवायची नाहीत, कंपोस्टमध्येही नाही, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. याच पतंगाला लिंबू, लोकाट पण चालतं, त्यामुळे एकट्या फीजोआची काळजी घेऊन भागत नाही.

एवढी फळं करायचं काय? इथे तर सीझनला लोक गेटबाहेर खोका ठेवतात, "फ्री, घेऊन जा", ऑफिसच्या किचनमध्ये पिशव्याच्या पिशव्या पडलेल्या असतात. मी मुरांबा करते, लवंग-वेलदोडा घालून. आणि कोशिंबीर! बारीक फोडी, लिंबू लगेच पिळायचं कारण गर पटकन काळा पडतो, दाण्याचं कूट, मिरची, मीठ, वरून जिऱ्याची फोडणी. उरलेला गर सरळ फ्रीझरमध्ये.

आता पुण्याहून, नाशिकहून बघणारे विचारणारच, आमच्याकडे येईल का? खरं सांगू, मी पैसे घालू नका म्हणेन. याला हिवाळ्यात थोडी तरी खरी थंडी लागते आणि एप्रिल-मेचं आपलं ऊन त्याला झेपत नाही, झाड जगलं तरी फळाचं नाव नको. त्यापेक्षा करवंद लावा की! बारमाही हिरवं, पांढरी सुवासिक फुलं, काटे असे की गुरं आत येत नाहीत, आणि लोणच्याला करवंदं घरची. ज्यांचे नातेवाईक इथे किंवा कॅलिफोर्नियात आहेत त्यांना मात्र हा व्हिडिओ पाठवा, आणि रोप घेताना जातीचं लेबल बघूनच घ्या म्हणावं, नुसतं "फीजोआ" लिहिलेलं असेल तर ते बहुतेक बियांचं असतं.