आईच्या ताटाचे पैसे कोण देणार?

हा कागद नीट पाहा. एकामागून एक नुसते आकडे छापलेत. अमेरिकेतल्या सरकारी शाळेच्या कॅफेटेरियात मुलाच्या हातात ताट पडलं, की काउंटरवरची बाई एका आकड्यावर काट मारते. जितक्या काटा, तितक्या जेवणांचे पैसे केंद्र सरकार शाळेला देतं. मुलाबरोबर आलेल्या आईचं ताटही मोजतात, पण खाली, वेगळ्या ओळीत. त्या ओळीचा एक डॉलरही सरकारकडून येत नाही.

असं का? शालेय जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा. त्यात उद्देश लिहिलाय तो देशातल्या मुलांच्या आरोग्याचा, राष्ट्रीय सुरक्षेचा आणि शेतमाल खपवण्याचा. मोठ्यांच्या पोटाचा विषय तिथे आलाच नाही, आणि पुढच्या सुधारणांतही शाळेतलं ताट मुलाचंच राहिलं.

भूक मात्र असं वय बघून घरात शिरत नाही. २०२३ मध्ये तिथल्या १३.५ टक्के कुटुंबांना वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. मुलं असलेल्या घरांत हे प्रमाण १७.९ टक्के. आणि अशा अडचणीतल्या घरांपैकी साधारण निम्म्या घरांत ओढाताण झाली ती फक्त मोठ्यांची. म्हणजे मुलांच्या ताटात पडलं, कारण आईबापांनी आपल्या ताटात कमी घेतलं. सरकारी पाहणीचाच हा निष्कर्ष, तरी कागदावरच्या त्या खालच्या ओळीला पैसे नाहीतच.

काही शाळा म्हणून संध्याकाळी अख्ख्या कुटुंबाला जेवायला बोलावतात. तसं पाहिलं तर सगळं तयारच असतं: मोठे ओव्हन, माणूस आत जाऊन उभा राहील एवढं शीतगृह, शेकडो ताटांचा अंदाज असलेले स्वयंपाकी, टेबलं, बाकं. गरीब वस्तीतल्या शाळांना मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाचे पैसे सरकारी योजनेतून मिळू शकतात. २०१० च्या कायद्याने ही सोय सगळ्या राज्यांना खुली झाली. मोठ्यांच्या ताटांसाठी मात्र देणग्या, चर्च, अन्नपेढ्या असं कुठून कुठून जमवावं लागतं.

खरी कसोटी पैशांची नाही, लाजेची आहे. ‘गरजूंसाठी मोफत जेवण’ असा फलक लावला, की ज्यांच्यासाठी तो लावला तेच दारातून परत फिरतात. त्यामुळे शहाण्या शाळा सगळ्यांनाच बोलावतात. शिक्षक त्याच रांगेत, मुख्याध्यापकही. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गणित आणखी बिघडतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक केंद्रांवर फुकट जेवण मिळतं, पण सहसा तिथेच बसून संपवायचं. घरी न्यायची मुभा २०२२ च्या अखेरच्या कायद्याने दिली, तीही ग्रामीण भागापुरती. शहरातली आई समोर बसून लेकराचं जेवण बघते. त्याच्या ताटातला घास तिने खायचा नाही, असा दंडक. नियम करणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर बसून पाहायला हवं होतं! २०२४ पासून उन्हाळ्यासाठी गरीब घरांतल्या दर मुलामागे १२० डॉलर किराण्याला मिळू लागले, पण काही राज्यांनी तेही नाकारले.

कोविडच्या काळात बरेच नियम सैल झाले होते, पालक शाळेच्या दारातून डबे घेऊन जात. २०२२ मध्ये ती सवलत संपली. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी त्याआधीच, २०२१ मध्ये, कायदा करून शाळेतलं जेवण सगळ्यांना कायमचं मोफत केलं. सगळ्यांना म्हणजे, अर्थात, सगळ्या मुलांना.

स्वयंपाकघरात अडचण वेगळीच. नावं आधी नोंदवून घेतली तर अंदाज बरोबर येतो, पण माणसं कमी येतात. नोंदणी नाही ठेवली तर किती शिजवायचं, हे देवच जाणे. मग थोडं जास्तच शिजतं. योजनेतलं ताट दाराबाहेर नेता येत नाही. देणगीतून शिजलेल्या अन्नाला मात्र तो नियम नाही. म्हणून शेवटची पंगत उठली, की त्यातलं उरलेलं डब्यांत भरून ज्याला हवं त्याच्या हातात देतात, आणि त्या डब्यांसाठी कुठल्याच आकड्यावर काट मारावी लागत नाही.