मोगरा विल्टशायरला उगवत नाही
(मंडळाच्या शरद मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

मंडळींनो, नमस्कार.

मराठी भाषा दिन आला की आपण फादर स्टीफन्सच्या ओव्या म्हणतो. पुष्पांमध्ये मोगरी, परिमळांमध्ये कस्तुरी, पक्ष्यांमध्ये मोर, तशी भाषांमध्ये मराठी. टाळ्या पडतात आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळतात. पण त्या ओव्या लिहिणारा माणूस इथला, इंग्लंडचा. जन्म विल्टशायरचा, 1579 साली गोव्यात उतरला, 1619 साली तिकडेच वारला. त्याच्या तोंडी मोगरा आला तो गोव्यातल्या सासष्टीच्या अंगणातून. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापून झालं, आणि त्याची कथा सुरू होते जगाच्या निर्मितीपासून. ही सृष्टी देवाची, हे सांगताना त्याने स्वतःच्या लहानपणची फुलं मागवली नाहीत. ऐकणाऱ्यांच्या दारात जे फुलत होतं तेच ओवीत ओवलं.

आम्हां ख्रिस्ती लोकांची स्तुती अशीच त्या त्या जागेची असते, एवढंच आज सांगायचं आहे.

बायबलमधलं 104वं स्तोत्र घ्या. त्यात लबानोनाचे गंधसरू आहेत, झाडावर घरटं करणारा करकोचा आहे, डोंगरावरच्या रानबकऱ्या आहेत. रात्री सिंहाची पिल्लं देवाकडे भक्ष्य मागतात. सूर्य उगवला की ती गुहेत जाऊन पडतात आणि मग माणूस कामाला निघतो. मला ही ओळ फार आवडते. एवढ्या मोठ्या स्तोत्रात माणसाचा नंबर सिंहाच्या मागून लागतो, आणि तोही संध्याकाळपर्यंत राबण्यासाठी!

तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने सूर्याला भाऊ म्हटलं, चंद्राला बहीण. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ ऐकतच आपण वाढलो. फरक आहे तो सांगतो, लपवत नाही. आम्ही सूर्याला हात जोडत नाही, सूर्य दिल्याबद्दल देवाला जोडतो. पण सोयरीक तीच. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, मी ख्रिस्तापर्यंत आलो तो तुकोबांच्या पुलावरून. कोकणात जन्मलेला हा फुलांमुलांचा कवी 1895 साली ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याने ना फुलं टाकली, ना अभंग. आमच्या उपासनेत आजही त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतात.

मी मात्र नगरकडचा. तिथे सृष्टीसौंदर्य म्हणाल तर काळी रानं, बाभळी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. आमच्याकडे हंगामाचा सण असतो. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, गवारीच्या शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडीही येते. उपासना झाली की लिलाव. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा लिलावाला परत देतो. वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे हाच सुगीचा सण, असतो, गोव्यात राय गावी 5 ऑगस्टलाच नवी कणसं चर्चमध्ये येतात. तिकडे पाऊस मुबलक. आमच्याकडे काही वर्षी वेदीपुढे ठेवायलाच काही नसे. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांना बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय तोंडपाठ असायचा: अंजीर फुलला नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. निसर्ग सुंदर म्हणून स्तुती, हे पर्यटकाला सोपं असतं. 148व्या स्तोत्रात तर गारांनाही सांगितलंय, देवाची स्तुती करा. गारपिटीत द्राक्षबाग झोपलेल्या माणसाने ते कसं म्हणायचं? मला उत्तर येत नाही. पण तो रविवारी येऊन ते म्हणतो, हे मी पाहिलंय.

आता इथलं. इंग्लंडच्या चर्चमधला आजचा हार्वेस्ट फेस्टिव्हल तसा अलीकडचा. 1843 साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन दिलं आणि ही चाल पडली. आणि आपण? आपल्या मराठी उपासनेत ढग कोकणातले, पीक नगरचं. पोरं गातात, पण ज्वारीचं कणीस त्यांनी फोटोतच पाहिलंय. त्यांना कुंपणावरची ब्लॅकबेरी ठाऊक आहे, तिचे काटेही ठाऊक आहेत. फादर स्टीफन्सने उलट्या दिशेने जे केलं ते आपण का करू नये? सफरचंदावर एखादा अभंग कुणी तरी लिहायला हवा. मी प्रयत्न केला, यमक ‘बेधुंद’पाशी अडकलंय.

तर येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा हंगामाचा सण आहे. ख्रिस्ती असा वा नसा, सगळ्यांना निमंत्रण. अलॉटमेंटमधलं (भाड्याच्या वाफ्यातलं), परसातलं, कुंड्यांतलं, जे हाताने पिकवलं असेल ते घेऊन या. सुपरमार्केटमधलं चालणार नाही, मुलं लेबल तपासणार आहेत. लिलाव मराठीत होईल, बोली पौंडांत. आणि जोशीकाकूंच्या मिरच्यांसाठी आत्तापासून रांग लागलीय, तेव्हा खिसा गरम ठेवा.