मृणालताई : विधानसभा, दिल्ली आणि पुन्हा विधानसभा

(दृश्य : सोनोग्राफी केंद्राचं प्रवेशद्वार. भिंतीवरची पाटी.)

'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' ही पाटी इतक्यांदा समोर येते की आता नजर तिच्यावर ठरतही नाही. देशातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राला ती लावावीच लागते. ही सक्ती आली कुठून, याचा माग काढत गेलं की आपण येऊन थांबतो १९८६ सालच्या महाराष्ट्र विधानसभेत. विरोधी बाकावरच्या एका आमदार बाईंनी तिथे एक खासगी विधेयक मांडलं होतं.

त्या मृणाल गोरे. गोरेगावच्या मृणालताई.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

जन्म २४ जून १९२८. माहेरच्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघालेली ही मुलगी राष्ट्र सेवा दलात रमली आणि वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून कामात उतरली. लग्न केलं समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी. १९५८ साली बंडू गोरे गेले. ताई तेव्हा तिशीच्या, आणि पदरात लहान मुलगी.

गोरेगाव नुकतंच मुंबई महापालिकेत आलं होतं. उपनगरं शहराला जोडली गेली, पण घरोघरचे नळ काही जोडले गेले नव्हते. १९६१ मध्ये ताई नगरसेविका झाल्या आणि बायकांचे हंडे थेट महापालिकेच्या दारात वाजू लागले. 'पाणीवाली बाई' हे नाव कुठल्या पक्षाने दिलेलं नाही, ते रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी दिलेलं आहे.

(दृश्य : मोर्चाची छायाचित्रं. पार्श्वभूमीला थाळ्यांचा आवाज.)

१९७२. काँग्रेसची लाट अशी की विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा तिच्याकडे गेल्या. त्या लाटेत समाजवादी पक्षाच्या मृणालताई निवडून आल्या. बाहेर दुष्काळ होता. रॉकेल मिळत नव्हतं, तेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि मृणालताई यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. हातात लाटणं, दुसऱ्या हातात थाळी. स्वयंपाकघरातला जिन्नस घेऊन बाई रस्त्यावर उतरते तेव्हा तिला वेगळं घोषणापत्र लागत नाही. सभागृहात एकट्यादुकट्या सदस्याच्या प्रश्नाला मंत्री टोलवू शकतात, पण मागे रस्त्यावर हजारो थाळ्या वाजत असल्या की उत्तर द्यावंच लागतं. रस्ता आणि सभागृह ही जोडी ताईंनी शेवटपर्यंत फुटू दिली नाही.

मग आणीबाणी. भूमिगत काम, अटक, तुरुंग.

(दृश्य : १९७७ च्या निवडणुकीतल्या भिंती, घोषणा.)

१९७७ मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं. तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या आणि इकडे मुंबईत घोषणा घुमली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' त्या लोकसभेत स्त्रिया होत्या फक्त १९. त्यांतल्या दोघी मुंबईच्या लाटणे मोर्चातल्या : मृणालताई आणि अहिल्याताई.

दिल्लीचा हा काळ फार टिकला नाही. जनता पक्ष आतूनच फुटला आणि १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली. अनेकांसाठी विधानसभा ही दिल्लीची पायरी असते. ताई दिल्ली पाहून आल्या आणि १९८५ मध्ये पुन्हा आमदार झाल्या. त्यांचं सर्वांत मोठं संसदीय काम त्यानंतरचं आहे, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : विधान भवन. सभागृहाचा रिकामा मधला भाग.)

१९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत लिंगपरीक्षेला बंदी झाली होती. खासगी दवाखाने मात्र मोकळे होते. आज काही शे रुपये घाला, उद्याचे हुंड्याचे लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड झळकत होत्या. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि तो सभागृहात नेला मृणालताईंनी. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण विधेयक पटलावर आलं की विषय कामकाजाच्या नोंदीत येतो, सरकारला त्यावर बोलावं लागतं. बोलावं लागलं. बाहेर आंदोलन चालू राहिलं आणि १९८८ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा आणला. देशातला या विषयावरचा पहिला कायदा महाराष्ट्राचा. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी कायदा केला. तेव्हा मृणालताई संसदेत नव्हत्या.

मधल्या काळात काही महिने विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे आलं.

(दृश्य : गोरेगाव पूर्व, दिंडोशी. इमारतींच्या रांगा, सकाळ.)

आणि ही नागरी निवारा वसाहत. शहरात एकाने किती जमीन बाळगावी याला मर्यादा घालणारा नागरी कमाल जमीन धारणा कायदा पुस्तकात होता, पण त्यातली जादा जमीन सामान्यांच्या हाती येत नव्हती. ती मिळावी म्हणून ताई आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं लढले, मंत्रालयाच्या खेपा घातल्या, कोर्टकज्जे केले. इथे हजारो कुटुंबं आज स्वतःच्या घरात राहतात.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईत गेल्या. वय चौऱ्याऐंशी.

(दृश्य : वसाहतीतलं एक स्वयंपाकघर. नळ सुरू होतो. आवाज तसाच राहू द्यावा.)