थेंब खाली येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाचा ढग जमिनीपासून दोन किलोमीटर उंच आहे आणि मधे हवा मुळीच नाही अशी कल्पना केली, तर त्यातून सुटलेल्या थेंबाचा वेग जमिनीवर पोहोचताना ताशी सुमारे ७०० किलोमीटर झालेला असेल. अशा सरीत छत्रीची चाळण होईल. डोक्याचे काय होईल ते न बोललेले बरे. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब ताशी साधारण २३ किलोमीटर वेगाने, म्हणजे जोरात सायकल मारणाऱ्याच्या गतीने, खाली येतो. हा फरक कोठून पडतो ते पाहू लागलो, की संतुलित आणि असंतुलित बले म्हणजे काय ते उलगडत जाते.

शाळेत संतुलित बलांसाठी बहुधा रस्सीखेचीचे उदाहरण देतात. दोन्ही संघ सारख्याच जोराने ओढत असले, की दोर जागचा हलत नाही. उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून बले संतुलित असली म्हणजे वस्तू स्थिरच असणार, अशी एक चुकीची खूणगाठ मनात बसते आणि ती पुढे सहसा सुटत नाही. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या नियमात न्यूटनने मात्र स्थिर वस्तू आणि सरळ रेषेत एकसमान वेगाने चाललेली वस्तू यांना एकाच पंक्तीला बसवले आहे. दोन्हींवरील बलांची बेरीज शून्यच असते.

आता आपला थेंब घ्या. त्याचे वस्तुमान जेमतेम चार मिलिग्रॅम. तो स्थिर स्थितीतून सुटला असे धरले, तर त्या क्षणी त्याच्यावर खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण असते आणि हवेचा विरोध जवळजवळ नसतोच. बल असंतुलित असल्यामुळे वेग वाढत जातो. परंतु वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि एक-दोन सेकंदांतच तो थेंबाच्या वजनाची बरोबरी गाठतो. त्यानंतर वेग वाढायचा थांबतो, थेंब मात्र थांबत नाही. उरलेला सगळा प्रवास तो जवळजवळ त्याच वेगाने, संतुलित बलांखाली करतो. या वेगाला अंतिम वेग म्हणतात.

हा वेग थेंबाच्या आकारावर ठरतो. व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होते, पण हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ चौपटच वाढते. म्हणून मोठ्या थेंबाला बरोबरी साधण्यासाठी अधिक वेग गाठावा लागतो. वळिवाचे टपोरे थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येऊन अंगावर लागतात, तर भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला दोनच मीटर उतरतो. ढगातले कण तर इतके बारीक असतात की ते सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली सरकतात, आणि वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते.

वारा सुटला की काही काळ आडवे बल असंतुलित होते आणि थेंब बाजूला ढकलला जातो. त्याने वाऱ्याचा वेग पकडला की तेही बल संपते. म्हणजे एकसारख्या वाऱ्यात तिरपी झोडपणारी सरसुद्धा संतुलित बलांखालीच येत असते.

हा तोल मोडतो तो अगदी शेवटी, घराच्या पत्र्यावर. तेथे थेंब सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात थांबतो, आणि एवढ्या थोड्या वेळात त्याला थांबवण्यासाठी पत्र्याला, ढोबळ हिशेबाने, त्याच्या वजनाच्या दोन हजार पट बल लावावे लागते. तेवढेच बल उलट दिशेने पत्र्यावर पडते, आणि पत्रा वाजतो.